टोंगळ्याला (गुडघ्याला) सुया टोचून गुण येतो का, आणि कोणाला टोचू नयेत

प्रश्न असा आहे: "आई ५६ वर्षांची आहे. निंदण, सोंगणी, कापूस वेचणी अशी वर्षभर मजुरी करते. दोन्ही टोंगळे आणि कंबर दुखते. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दोन वर्षांपासून जवळपास रोज घेते, बीपीची गोळीही चालू आहे. शेजारच्या गावात ॲक्युपंक्चरचं शिबिर लागणार आहे. सुयांनी टोंगळे, शुगर, बीपी, लकवा सगळं बरं होतं म्हणतात. सुईने शरीरात नेमकं होतं काय? आईला न्यावं का?" विचारणारा मुलगा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला आहे.

आधी थेट उत्तर देतो. टोंगळ्यांच्या आणि कंबरेच्या जुन्या दुखण्याला ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो. सगळ्यांना होत नाही, झीज भरून येत नाही, पण उठणं-बसणं सुसह्य व्हावं इतका आराम पुष्कळांना पडतो. शुगर आणि बीपी सुयांनी बरे होत नाहीत, त्यांच्या गोळ्या एक दिवसही थांबवू नका. लकव्याचा झटका आल्यावर सुया टोचायला नेणं तर फारच महागात पडतं. आणि तुमचा प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या रोजच्या गोळीची.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. तरुण, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला चार दिवस घेतल्या तर सहसा काही होत नाही. पण एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बाई सकाळपासून वावरात असते, घामाने अंगातलं पाणी निघून जातं, वरून बीपीची गोळी. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की किडनी गुपचूप खराब होत जाते, आणि बरीच खराब होईपर्यंत दुखत नाही. म्हणून शिबिर असो वा नसो, आईचं सिरम क्रिएटिनिन (किडनीचं काम कळणारी रक्ताची तपासणी), लघवीची साधी तपासणी आणि शुगर या आठवड्यात करून घ्या. उपजिल्हा रुग्णालयात होतं. मी स्वतः सुया टोचतो, त्या विद्येवर माझा जीव आहे, आणि आपल्या भागात तिचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच दिसतो: कष्टकरी माणसाच्या पोटात जाणाऱ्या गोळ्या कमी करता येतात.

आता सुईबद्दल. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते, भरीव असते. तिच्यात औषध नसतं, तिला औषध लावलेलंही नसतं. नेहमी वापरतो ती साधारण पाव मिलिमीटर जाड. इंजेक्शनची नेहमीची सुई याच्या दुपटीहून जाड असते. टोक गोलसर असल्यामुळे ती मांस कापत जात नाही, बाजूला सारत जाते, म्हणून बहुतेक वेळा रक्ताचा थेंबही येत नाही. कातडीतून शिरताना मुंगी चावल्याइतकं कळतं. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. सुई स्नायूत पोचून थोडी फिरवली की पेशंटला आत जड वाटतं, ठणकल्यासारखं, कधी पायाकडे काहीतरी सरकल्यासारखं. चिनी वैद्य या जाणिवेला दे-ची म्हणतात. आमच्या बाया सांगतात, "आत भरून आल्यावानी झालं जी." त्याच क्षणी सुई धरलेल्या माझ्या बोटांनाही फरक कळतो, आतून कोणी ती धरून ठेवल्यासारखी घट्ट होते. हेलेन लॅन्जेव्हिन या अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की फिरवलेल्या सुईभोवती संयोजी ऊतीचे (कातडी-स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या जाळ्याचे) तंतू खरोखर गुंडाळले जातात आणि आजूबाजूचा भाग ताणला जातो. पेशंट सांगतो ते आणि बोटांना लागतं ते, दोन्हीला शरीरात आधार आहे.

हे जडपण म्हणजे तिथल्या बारीक संवेदी नसा चाळवल्याची खूण. त्यांचा संदेश पाठीच्या मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत शिरतो. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये द्वार-नियंत्रण सिद्धांत मांडला: दुखण्याचा संदेश मज्जारज्जूतून जसाच्या तसा मेंदूकडे जात नाही, दुसऱ्या नसांचे संदेश आणि मेंदूकडून खाली येणारे आदेश त्याला वाटेत कमी-जास्त करतात. सुईचा संदेश नेमकं हेच करतो. तो मेंदूपर्यंत पोचला की शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, एन्डॉर्फिन आणि एन्केफॅलिन. ही अफूच्या जातीची रसायनं आहेत, पण आपल्याच मेंदूत तयार होणारी. १९७० च्या दशकात याचा पडताळा असा घेतला गेला: अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन नावाचं औषध आधी दिलं, तर सुयांनी येणारा आराम बऱ्याच अंशी नाहीसा होतो. बीजिंगचे हान जीशेंग यांनी पुढे सुयांना बारीक करंट जोडून पाहिला. सेकंदाला २ ठोके दिले तर एक प्रकारची रसायनं सुटतात, १०० दिले तर दुसऱ्या प्रकारची. मी कंबरेच्या जुन्या दुखण्याला २ ठोक्यांचा करंट लावतो तो या कामाच्या आधाराने. शिवाय सुईच्या अगदी जवळच्या जागेत ॲडेनोसिन नावाचं शरीरातलंच रसायन वाढतं आणि ते तिथल्या नसेला शांत करतं, हे २०१० मध्ये उंदरांवर दिसलं. उंदरावर दिसलेलं सगळंच माणसात तसंच घडतं असं मात्र धरून चालायचं नसतं.

चिनी ग्रंथ हे वेगळ्या भाषेत सांगतात. शरीरात ची नावाची ऊर्जा १२ मुख्य आणि २ विशेष वाहिन्यांतून वाहते, तिच्या वाटेवर ३६१ बिंदू आहेत, अडथळा आला की दुखणं, सुई टोचली की वाट मोकळी. बिंदूंचा हा नकाशा आम्ही शिकतो, रोज वापरतो आणि बोट ठेवायला तो फार उपयोगी आहे. पण शरीर उघडून अशी वाहिनी कोणाला दाखवता आलेली नाही. पेशंटला मी नसांचं आणि मेंदूचं सांगतो, ऊर्जेचं सांगत नाही.

ही विद्या आपल्याकडे आली कशी, त्यात विदर्भाचाही एक धागा आहे म्हणून सांगतो. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत, पण त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्यांच्यातलेच कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि भारतात ते त्यांच्यापासून सुरू झालं.

आता गुण किती येतो ते पाहू. इथे मी आकडे देतो, कारण शिबिरवाले नुसतं "शंभर टक्के" म्हणतात. कंबरदुखीवर जर्मनीत ११६२ रुग्णांचा अभ्यास झाला, २००७ मध्ये तो छापून आला. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्या गटाला बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्या गटाला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले रुग्ण पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के निघाले.

हे आकडे नीट वाचा. सुया टोचलेल्यांना नुसत्या औषध-व्यायामापेक्षा बराच जास्त आराम पडला. पण नेमक्या बिंदूवर टोचलं की भलतीकडे टोचलं, याने फारसा फरक पडला नाही. ॲक्युपंक्चरवाल्यांनी हे लपवू नये असं माझं ठाम मत आहे. माझ्या मते याचा अर्थ असा की भलतीकडची सुई हीसुद्धा सुईच असते, नसांना संदेश तीही देतेच. आणि अर्धा तास शांत पडून राहणं, कोणी हात लावून तपासणं, दुखण्याबद्दल विचारपूस होणं, यांनीही मेंदूतली दुखण्याची तीव्रता खाली येते. हे सगळं खरंखुरं शरीरात घडतं. पण "नेमका बिंदू फक्त आमच्याच महाराजांना सापडतो" असं कोणी सांगत असेल तर तिथून उठून यावं. पुढे २०१८ मध्ये ३९ अभ्यासांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. कंबर, मान, गुडघा, खांदा आणि जुनी डोकेदुखी, या सगळ्यांत खऱ्या सुया नकली सुयांपेक्षा थोड्या सरस आणि सुया न घेण्यापेक्षा बऱ्याच सरस ठरल्या, आणि गुण वर्षभरानंतरही बराचसा टिकलेला दिसला.

टोंगळ्यांचं चित्र जरा अधिक संमिश्र आहे. बर्लिनच्या २००५ च्या अभ्यासात आठ आठवड्यांनी सुयांचा चांगला फरक होता, वर्षाअखेर तो उरला नाही. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०२२ पासून गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं लिहिलं आहे. अमेरिकेत मात्र ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून जुन्या कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकांचे पैसे २०२० पासून मिळतात. जाणकारांतच असे मतभेद आहेत. माझा निर्णय असा: जिच्या शरीराला रोजची गोळी सोसणार नाही, जिला गुडघा बदलण्याचं ऑपरेशन आज नको आहे, आणि जी सुयांसोबत व्यायाम करायला तयार आहे, तिला मी सुया टोचतो. व्यायाम न करणाऱ्याला आधी व्यायाम शिकवतो.

याशिवाय अर्धशिशीचे झटके कमी करायला ॲक्युपंक्चर चांगलं आहे, रोजच्या प्रतिबंधक गोळ्यांच्या तोडीस तोड ठरलं आहे. मळमळ-उलटीवरही आहे, आणि त्यासाठी सुईसुद्धा लागत नाही. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजा, मधोमध दोन दोऱ्यांसारखे स्नायुबंध ताठ उभे राहतात, त्यांच्या मधल्या खाचेत अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. नागपूरहून कॅन्सरची केमो घेऊन एसटीने परतणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना मी हे शिकवून ठेवतो. डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी घ्यायचीच, हे तिच्या जोडीला. वजन उतरवणं, मूल होणं, केस, थायरॉईड, यासाठी सुया टोचून पैसे घालवू नका.

आता कोणाला टोचू नये. माझ्या दृष्टीने या विद्येतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण हे आहे, कारण सुई दुखणं कमी करते आणि कमी झालेलं दुखणं रोगाला लपायला जागा देतं.

हातापायाला मुंग्या येतात, बधिर लागतं म्हणून पेशंट येतो. मी आधी कपडे सारून कातडी पाहतो. कुठे फिकट चट्टा आहे का, त्यावर डोळे मिटवून कापसाची बारीक वात फिरवली तर कळते का. मग कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या मागे बोट फिरवतो. तिथे अल्नर नस असते, तीच जिच्यावर मार बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. ती दोरीसारखी जाड लागली, दाबल्यावर दुखली, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अमरावतीचं तपोवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन आपल्याच भागात उभं राहिलं, याचं कारण हा रोग इथे होता, आणि तो अजून गेलेला नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर बोटं वाकडी होत नाहीत. अशा हातावर महिनाभर सुया टोचत बसणं म्हणजे ती बोटं घालवणं.

दुसरं सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटापासून नागपूरपर्यंत हा आजार घराघरांत आहे. विशी-पंचविशीतला पोरगा "कंबर दुखते" म्हणून येतो, लंगडत चालतो, आणि हात ठेवून दाखव म्हटलं की जांघेत ठेवतो. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड आतून मरतं, ते असं दुखतं. त्याला एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय आणि रक्ताची तपासणी हवी. सिकलसेलचा तीव्र झटका आला तर सलाईन, ऑक्सिजन, दुखण्याचं नीट औषध हे दवाखान्यातच होतं. तिथे सुईची जागा नाही.

रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, सोबत संध्याकाळचा ताप आणि उतरत गेलेलं वजन: मणक्याचा टीबी आधी शोधायचा. पाय लुळे पडत असतील, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. लकव्याचं वर म्हटलं ते यासाठी की मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या गावाहून सिटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात पोचायलाच दोन तास जातात. तोंड नुसतं वाकडं झालं, एक डोळा मिटत नाही, तरी तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडून स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू व्हायला हव्यात. सुया नंतर टोचता येतील.

आणखी एक आपल्याकडचंच. टोंगळ्यावर बिब्बा लावून आलेल्या बाया खूप असतात. कातडी भाजलेली, फोड आलेले. तिथून सुई टोचली तर जंतू सांध्याकडे जायची भीती असते, म्हणून जखम बरी होईपर्यंत थांबावं लागतं. आईने लावला असेल तर आधी बंद करायला सांगा.

शिबिराचं म्हणाल तर तिथे जाऊन तीन गोष्टी पाहा. सुया नवीन आहेत का. पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फुटलं पाहिजे आणि वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात गेली पाहिजे. उकळून पुन्हा वापरलेल्या सुईतून कावीळ बी आणि सी पसरू शकते. दुसरं, टोचणाऱ्याची नोंदणी. केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता दिली आणि महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. तिसरं, टोचण्याआधी तो काही विचारतो का: शुगर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, छातीत पेसमेकर आहे का, बाई गरोदर आहे का. काही न विचारता रांगेने टोचत सुटलेला माणूस खांद्यावर आणि पाठीवर किती खोल जातोय याचंही भान ठेवणार नाही, आणि तिथे खोल गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते. हे क्वचित होतं, पण होतं.

तपासण्या ठीक आल्या तर आईचं साधारण असं करता येईल. जेवून यायचं. उपाशी बाईला पहिल्याच सुईला घेरी येते, म्हणून एकादशी-चतुर्थीचा उपास असेल तर तो दिवस टाळा. उताणं निजवून टोंगळ्याखाली उशी. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना जे खळगे पडतात तिथे एकेक सुई, त्याखाली चार बोटांवर नडगीच्या बाहेरच्या कडेला एक, आतल्या बाजूला हाडाच्या वळणाखाली एक. कंबरेसाठी पालथं करून मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून. वीस ते तीस मिनिटं. आठवड्यातून एकदा, जमलं तर दोनदा. बहुतेक जण बाजाराच्या दिवशी येतात, ते सोयीचं पडतं. पहिल्या बैठकीनंतर संध्याकाळी थोडं ठणकतं, दुसऱ्या दिवशी उतरतं.

पण सुईने मिळालेले दोन-तीन हलके दिवस फुकट घालवायचे नाहीत. त्या दिवसांत मांडीचा स्नायू बळकट करायचा. बाजेवर पाय पसरून बसायचं, टोंगळ्याखाली टॉवेलची गुंडाळी, तिला खाली दाबून पाच अंक मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वेचणीच्या दिवसांत कंबरेला बांधलेली कापसाची ओटी पूर्ण भरेस्तोवर वाकून राहायचं नाही, अर्धी झाली की रिकामी करायची. मजूरदारणींना हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड, कारण मजुरी किलोवर मिळते. तरी कंबरेवरचा भार कमी करायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

गुण आला की नाही हे "बरं वाटते का" या प्रश्नाने ठरवू नका. घरी कॅलेंडरवर दोन गोष्टी लिहा: त्या दिवशी दुखण्याची गोळी घेतली का, आणि खाली बसून किती भाकरी थापता आल्या. पाच-सहा बैठकींनंतर गोळ्या कमी झाल्या नसतील तर ॲक्युपंक्चर थांबवा, उभं राहून काढलेला दोन्ही टोंगळ्यांचा एक्स-रे घ्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि क्रिएटिनिन वाढलेलं आलं, तर दुखण्याची गोळी त्याच दिवशी बंद करून रिपोर्टसह फिजिशियनकडे जा. सुयांचं त्यानंतर पाहू.